अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक (लेखांक ६) : शेवटचे चार दिवस

गेल्या आठवड्यात आपण इलेक्टोरल मतांचं गणित पाहिलं. निकाल मूठभर राज्यांत ठरतो, हे त्यातून लक्षात आलं असेल. आज त्या राज्यांतल्या शेवटच्या चार दिवसांकडे वळू.

आपल्याकडे मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थंडावतो, भोंगे बंद होतात. अमेरिकेत तसं बंधन नाही. मतदान मंगळवारी असतं आणि सोमवारची मध्यरात्र उलटली तरी सभा सुरूच असतात. या सभांनी फारशी मतं फिरत नाहीत, कारण तोवर बहुतेकांचं ठरलेलं असतं. खरी धास्ती असते ती ठरलेला मतदार घरी बसण्याची. मंगळवार हा कामाचा दिवस, बऱ्याच राज्यांत त्या दिवशी सुटीही नसते.

३ नोव्हेंबर २००८ ची रात्र घ्या. बराक ओबामांची शेवटची सभा व्हर्जिनियातल्या मनासस इथे होती. ज्या आजीने त्यांना वाढवलं ती गेल्याची बातमी त्याच दिवशी जाहीर झालेली. समोर हजारोंचा जमाव, आणि ओबामांनी सांगितली ती वीसेक माणसांच्या बैठकीची गोष्ट. २००७ मध्ये ते साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनवूडला गेले होते. पावसाळी सकाळ, लांबचा प्रवास, जमलेली माणसं इनमीन वीस. इतक्यात मागून एका बाईंचा आवाज आला, ‘फायर्ड अप!’ बाकीच्यांनी साथ दिली, ‘रेडी टू गो!’ त्या बाई म्हणजे एडिथ चाइल्ड्स, तिथल्या कौंटी कौन्सिलच्या सदस्य. त्यांची ती आरोळी पुढे साऱ्या प्रचाराची घोषणा झाली. दमलेल्या कार्यकर्त्याला उद्या पुन्हा उभं करायचं असेल तर अशीच गोष्ट सांगावी लागते, असं मला मनापासून वाटतं.

कारण ‘उद्या’चं काम कंटाळवाणं असतं. हातात गल्लीवार यादी, त्यात नाव, पत्ता, वय. दार वाजवायचं आणि विचारायचं : मत द्यायला किती वाजता निघणार? घरून की कामावरून? या प्रश्नांना महत्त्व आहे. २००८ च्याच पेनसिल्व्हेनियातल्या प्राथमिक फेरीत संशोधकांनी फोनवरून असे प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा घरात एकटाच मतदार असलेल्यांचं मतदान स्पष्टपणे वाढलं. त्याआधी १९९८ मध्ये ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात केलेला प्रयोगही असाच बोलका होता. समोरासमोर भेटून केलेल्या विनंतीने मतदान वाढलं. फोनचा उपयोग मात्र जवळपास शून्य. फोनवरही नेमकं काय विचारता यावर बरंच अवलंबून असतं, हे या दोन प्रयोगांतून दिसतं.

मनाससच्या सभेनंतरच्या मंगळवारी व्हर्जिनिया १९६४ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक पक्षाकडे आलं. नॉर्थ कॅरोलायनात ४३ लाखांच्या मतदानात ओबामांची आघाडी जेमतेम १४ हजारांची होती. इतक्या कमी फरकात दार वाजवणाऱ्यांचा वाटा नाकारता येत नाही.

आणि सभेची गर्दी? २०१६ च्या अखेरच्या सोमवारी हिलरी क्लिंटन दिवसा मिशिगनला जाऊन आल्या आणि रात्री फिलाडेल्फियात ओबामा व गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्यासह प्रचंड जमावापुढे उभ्या राहिल्या. डोनाल्ड ट्रम्प यांची शेवटची सभा मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समध्ये मध्यरात्रीनंतर झाली. क्लिंटन यांनी पेनसिल्व्हेनिया सुमारे ४४ हजार मतांनी गमावलं. मिशिगन तर ४८ लाखांच्या मतदानात केवळ १०,७०४ मतांनी.

तेव्हा येत्या निवडणुकीत सभेची छायाचित्रं पाहून कुणी निकाल सांगू लागलं, तर एवढंच विचारा : या गर्दीतले किती जण उद्या सकाळी यादी घेऊन बाहेर पडणार आहेत?

(पुढील आठवड्यात : टपाली आणि मुदतपूर्व मतदान)