दमेकऱ्याच्या खोलीतली हवा

दिवाळी जवळ आली की नात्यागोत्यातल्या लोकांचे फोन सुरू होतात. "तू त्या फिल्टरच्याच क्षेत्रातली ना, मग सांग, कुठला एअर प्युरिफायर घेऊ?" विचारणाऱ्याच्या घरी बहुधा कुणाला तरी दमा असतो, नाहीतर सकाळी उठल्याउठल्या शिंकांनी हैराण होणारं कुणीतरी असतं. मी औषध कारखान्यांमधल्या क्लीनरूमची हवा तपासते. इंजेक्शनच्या बाटल्या जिथे भरल्या जातात, तिथल्या छतातले हेपा फिल्टर कुठे गळत नाहीत ना, खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, हवेत कण किती आहेत, हे मोजून अहवालावर सही करणं हे माझं काम. आणि ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात दमा असलेली मुलगी आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून जवळचा आहे. उत्तरात मी कंपनीचं नाव सांगत नाही. आधी तीन गोष्टी विचारते: रुग्ण झोपतो ती खोली केवढी? त्याचा दमा कशाने उसळतो? आणि घरात काय काय जळतं?

या तीन प्रश्नांमागचं कारण एकच आहे. प्युरिफायर हवेत तरंगणारे कण पकडतो. बाकी काही नाही. घरातलं दम्याला डिवचणारं सगळंच काही तरंगत नसतं.

यंत्राच्या आत काय असतं

प्युरिफायर म्हणजे एक पंखा आणि त्याच्या वाटेत बसवलेला फिल्टर. हेपा फिल्टर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी विकसित झाला. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म तंतूंचा कागद, आणि त्याला भरपूर घड्या. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत, ते तंतूंवर आपटून चिकटतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि तेही तंतूला लागतात. निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती मधल्या, साधारण ०.३ मायक्रॉनच्या कणांना. म्हणून फिल्टरची परीक्षा तिथेच घेतात. अमेरिकन व्याख्येप्रमाणे ०.३ मायक्रॉनच्या १०,००० कणांपैकी तीनच पार गेले पाहिजेत, म्हणजे कार्यक्षमता ९९.९७ टक्के. युरोपीय मानकातला एच-१३ हा दर्जा ९९.९५ टक्क्यांचा. खोक्यावर नुसतं 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' लिहिलेलं असेल तर त्याला मानकाचा काहीही आधार नाही, ते यंत्र बाजूला ठेवावं.

पण नव्व्याण्णव टक्क्यांचा आकडा पाहून हुरळूनही जाऊ नये. कारखान्यात आम्ही फिल्टरच्या एका बाजूला तेलाचं सूक्ष्म धुकं सोडतो आणि दुसऱ्या बाजूने कडेकडेने तपासणीची नळी फिरवतो. गळती निघते ती बहुतेकदा कागदातून नव्हे, चौकटीच्या गॅस्केटमधून. घरच्या यंत्रातही फिल्टर नीट खटकन बसला नाही, किंवा स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्याच मापाचा बसवला, तर हवा फिल्टर चुकवून कडेने निघून जाते.

खोलीचा हिशेब

खरेदीत सगळ्यांत महत्त्वाचा आकडा फिल्टरचा नसून यंत्राचा आहे: सीएडीआर, म्हणजे ते यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. फिल्टर उत्तम पण पंखा दुबळा असेल, तर खोलीतली हवा त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

हिशेब सोपा आहे. समजा खोली १० बाय १२ फूट आणि उंची साडेनऊ फूट. घनफळ झालं ११४० घनफूट, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसासाठी ती हवा तासाला निदान पाच वेळा फिल्टरमधून जावी. म्हणजे सीएडीआर हवा १६०. वहीपेन्सिल नसेल तर खोलीचे चौरस फूट सव्वा ते दीडने गुणावेत. 'पाचशे चौरस फुटांसाठी उपयुक्त' असं खोक्यावर छापलेलं असतं, तेव्हा अनेकदा तासाला एक-दोनदाच हवा फिरेल असं धरलेलं असतं. म्हणून चौरस फूट वाचू नका, सीएडीआर वाचा आणि भागाकार स्वतः करा.

यात आणखी एक मेख आहे. छापलेला सीएडीआर पंखा सर्वांत जोरात असतानाचा असतो. त्या वेगाला यंत्र इतकं घोंघावतं की रात्री कुणीतरी उठून ते कमी करतं, आणि 'स्लीप मोड'वर स्वच्छ हवेचं प्रमाण पार घटतं. म्हणून १६०ची गरज असेल तर २५० ते ३००चं यंत्र घ्यावं आणि मधल्या वेगावर चालवावं. दुकानात मी नेहमी यंत्र सुरू करायला लावते, वेग मधला ठेवते आणि त्याच्या शेजारी उभी राहून विचार करते, या आवाजात माझी मुलगी झोपेल का?

यंत्र ठेवायचं झोपण्याच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर तरी दूर, पडद्याआड नाही. झोपण्याआधी तासभर सुरू करायचं आणि दारं-खिडक्या लावायच्या. हॉलमध्ये ठेवलेलं यंत्र बेडरूमची हवा स्वच्छ करत नाही. एसीच्या जाळीवरही विसंबू नये. ती जाडी धूळ अडवते, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण नाही. मात्र दिवसभर घर बंद ठेवणं बरं नाही. यंत्र ताजी हवा आणत नाही, आहे तीच फिरवतं. दुपारी रहदारी जरा कमी असेल तेव्हा खिडक्या उघडाव्यात.

जे तरंगत नाही त्याचं काय

आता दुसरा प्रश्न, दमा कशाने उसळतो? उत्तर अंदाजाने देऊ नये. ॲलर्जीतज्ज्ञाकडे त्वचेवरची चाचणी होते, ती एकदा करून घ्यावी, कारण पुढचा सगळा खर्च तिच्यावर ठरतो.

समजा उत्तर आलं धुळीतले माइट, म्हणजे गादी-उशीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. त्यांच्या विष्ठेचे कण ॲलर्जी आणतात. हे कण १० मायक्रॉनहून मोठे, म्हणजे जड. गादी झटकली की उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. कोपऱ्यातल्या यंत्रापर्यंत ते पोचत नाहीत. झोपलेल्या मुलाच्या नाकापासून मात्र ते दोन बोटांवर असतात. इथे खर्च करायचा तो गादी-उशीच्या घट्ट विणीच्या माइटरोधक खोळींवर. चादरी, अभ्रे दर आठवड्याला ५५-६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, आणि गाद्यांना कडक ऊन दाखवायची आपली जुनी पद्धत चालू ठेवावी. मँचेस्टरमध्ये माइटची ॲलर्जी असलेल्या, दम्याच्या झटक्याने रुग्णालयात येऊन गेलेल्या मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. साध्या खोळी मिळालेल्या गटातल्या सुमारे ४२ टक्के मुलांना वर्षभरात पुन्हा झटक्यासाठी रुग्णालयात यावं लागलं. माइटरोधक खोळी मिळालेल्या गटात हे प्रमाण २९ टक्के होतं.

झुरळांचंही तसंच. त्यांची विष्ठा आणि अंगाचे तुकडे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत साठतात. तिथे फटी बुजवणं, रात्री खरकटं न ठेवणं आणि फवारणीऐवजी जेल वापरणं हेच औषध. मांजराची ॲलर्जी मात्र वेगळी. तिचा घटक अगदी हलक्या कणांवर बसून तासन् तास तरंगतो, त्यामुळे तिथे प्युरिफायरचा उपयोग होतो. बुरशीचे अनेक बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, तेही पकडले जातात. पण पावसाळ्यात भिंतीला ओल असेल तर बुरशी रोज नवे बीजाणू सोडत राहते. आधी गळती दुरुस्त करावी. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर खोलीतली आर्द्रता कमी ठेवण्यावर केलेला खर्च, मग तो एसीचा असो की डीह्युमिडिफायरचा, माइट आणि बुरशी दोघांनाही आळा घालतो. गाजरगवताचे आणि झाडांचे परागकण बाहेरून येतात. त्या मोसमात सकाळी खिडक्या बंद आणि घरी यंत्र चालू, हे जमतं.

घरात काय जळतं

तिसऱ्या प्रश्नाला लोक हसून म्हणतात, "काही नाही गं!" मग मी मच्छर कॉइलबद्दल विचारते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, एक मच्छर कॉइल जळून संपताना जेवढे पीएम २.५ कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरात असतात. अशी कॉइल बंद खोलीत, मुलाच्या पलंगाखाली जळत असताना शेजारी कितीही महागाचा प्युरिफायर लावला, तरी ते यंत्र हरलेलं आहे. मच्छरदाणी आणि खिडक्यांच्या जाळ्या यांना पर्याय नाही.

उदबत्ती आणि धूप हा नाजूक विषय. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, उदबत्तीशिवाय पूजा झाल्यासारखी वाटत नाही." मी कणमोजणीचं छोटं यंत्र देवघरापाशी ठेवलं आणि त्यांनाच आकडा वाचायला दिला. काही मिनिटांत तो कितीतरी पट झाला. त्यांनी स्वतःच तोडगा काढला: उदबत्ती बाल्कनीत तुळशीपाशी, देवघरात फुलं आणि समई. फोडणीच्या वेळीही आकडा असाच चढतो. म्हणून बाहेर हवा फेकणारी चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन आधी, प्युरिफायर नंतर. शेगडीच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड हा वायूही निघतो, तो श्वासनलिकांना त्रास देतो, आणि हेपा फिल्टरमधून तो सरळ निघून जातो.

वायू आणि वास पकडायला कार्बन लागतो. बहुतेक यंत्रांत कार्बनचा जो पातळ थर असतो तो वासांपुरता आणि थोड्या दिवसांपुरता. वायूंसाठी कार्बनचे दाणे वजनाने भरपूर हवेत. घराला नवा रंग दिला असेल तर दमेकऱ्याला काही दिवस दुसरीकडे झोपवणं जास्त शहाणपणाचं.

सिगारेटबद्दल बाल्टिमोर शहरात झालेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. तिथे घरात कुणीतरी सिगारेट ओढणाऱ्या दमेकरी मुलांच्या घरी प्युरिफायर ठेवले. कण निम्म्याच्या आसपास घटले, मुलांचे त्रास नसलेले दिवस वाढले. पण हवेतलं निकोटीन घटलं नाही. धूर घराबाहेर काढल्याशिवाय यंत्राने पुरी भरपाई होत नाही.

टाळायचं काय

आयोनायझर, प्लाझ्मा, 'ओझोनने शुद्ध' असं काहीही लिहिलेलं असेल तर दमेकऱ्याच्या खोलीत नको. ओझोन श्वासनलिकांना भाजतो. कॅलिफोर्नियाने घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर ०.०५ पीपीएमची मर्यादा घातली आहे. त्याहून जास्त ओझोन सोडणारं यंत्र तिथे विकता येत नाही. यंत्र घेतलंच असेल आणि त्यात आयोनायझरचं बटण असेल तर ते कायम बंद ठेवा.

नव्या फिल्टरची किंमत यंत्र घेण्याआधी विचारा. आपल्या शहरांतली धूळ पाहता सहा महिने ते वर्षात तो बदलावा लागतो. बाहेरची जाळी दर पंधरवड्याला झाडा. हेपा कागद पाण्याने कधीही धुऊ नका, तंतू बिघडतात. यंत्रावरचा कणांच्या सेन्सरचा आकडा ते यंत्र जिथे आहे तिथल्या हवेचा असतो, पलंगावरच्या नव्हे. आणि दमट हवेत असे सेन्सर जास्त आकडा दाखवतात.

खर्चाचा क्रम

क्लीनरूममध्ये पहिला नियम असा की घाण आतच येऊ द्यायची नाही. कपडे बदलायचे, एकामागोमाग दोन दारं, उघडा पुठ्ठा किंवा लाकूड आत न्यायचं नाही. इतकं करून जे उरतं ते फिल्टर सांभाळतो. घरातही क्रम तोच असावा, आणि याला आधार आहे. अमेरिकेतल्या सात शहरांत ९३७ दमेकरी मुलांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक मुलाची ॲलर्जी पाहून घरात उपाय केले: खोळी, झुरळांचा बंदोबस्त, गरज तिथे हेपा यंत्र, आणि आईवडिलांना माहिती. पहिल्या वर्षी पंधरवड्यातले त्रासाचे दिवस उपाय केलेल्या गटात सुमारे ३.४ राहिले, इतरांत ४.२. एकच वस्तू आणून मोकळं होण्यापेक्षा असं मिळून केलेलं काम फळतं.

आणि या सगळ्याच्या वर औषध. जगातल्या दम्याच्या ओझ्यापैकी सुमारे १३ टक्के भारतात आहे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर आहे. हा फरक हवेपेक्षा उपचारांच्या हेळसांडीचा जास्त आहे. 'पंपाची सवय लागते' या समजापायी मुलांचा पंप लपवणारी घरं मी पाहिली आहेत. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट केलं आहे की नुसता तात्पुरता आराम देणारा पंप पुरेसा नाही. सूज कमी करणारं स्टेरॉइडचं औषध श्वासातून गेलंच पाहिजे. ते किती आणि कसं, हे डॉक्टर सांगतील.

म्हणून पंधरा हजार रुपये हातात घेऊन विचारणाऱ्याला माझं सांगणं असं: पहिले पैसे डॉक्टर, ॲलर्जीची चाचणी आणि पंप नीट ओढायला शिकणं यावर. मग खोळी, जाळ्या, एक्झॉस्ट फॅन. कॉइल आजच बंद, त्याला पैसेही लागत नाहीत. त्यानंतर उरलेल्या पैशांत, झोपण्याच्या खोलीपुरता, पुरेशा सीएडीआरचा, ओझोन न सोडणारा प्युरिफायर जरूर घ्या. रस्त्यावरची धूळ आणि फटाक्यांचा धूर आपल्या एकट्याच्या हातात नाही, आणि अशा रात्री तो आपलं काम चोख करतो.