चोरीच्या मूर्तीचा माग कसा काढतात?

तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन गावच्या मंदिरातून चोळकालीन नटराजाची कांस्यमूर्ती चोरीला गेली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने ती न्यूयॉर्कमधला व्यापारी सुभाष कपूर याच्याकडून सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतली. १९७२ च्या पुरावशेष कायद्याआधीच मूर्ती भारताबाहेर गेली, असं कागदपत्रं सांगत होती. मात्र पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ मध्ये मंदिरातच तिचे फोटो काढले होते. त्या फोटोंनी कागदांचं पितळ उघडं पाडलं आणि २०१४ मध्ये नटराज मायदेशी परतला.

कलावस्तूंच्या गुन्ह्यांच्या अभ्यासात हेच शिकवतात: वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी तपासायची, जुन्या फोटोंशी झीज, तडे, ओतकामातले दोष ताडून पाहायचे, कायदा जाणून घ्यायचा. इटलीतल्या अमेलिया गावी ‘आर्का’ ही संस्था असा अभ्यासक्रम चालवते.

पण पहिला पुरावा गावातच तयार होतो. आपल्या ग्रामदैवताच्या मूर्तीचे चारही बाजूंनी फोटो काढा. उंची, रुंदी आणि ठळक खुणा नोंदवून ठेवा. नोंदच नसेल, तर चोरीला गेलेली मूर्ती आपली आहे हे सिद्ध करणं फार अवघड जातं.