हुनर हातात, हिशेब कोणाकडे?

आपल्या बीड जिल्ह्यात गरजू महिलेला मदत करायची म्हटले की सर्वांना आधी शिलाई मशीन आठवते. संस्था, दानशूर मंडळी, पुढारी सगळेच मशीन वाटतात. काही घरांत ते मशीन वर्षानुवर्षे चालते आणि मुलांच्या फीपर्यंत साथ देते. काही घरांत मात्र थोड्याच दिवसांत त्यावर कपड्यांच्या घड्या येऊन बसतात. देणाऱ्याची नियत चांगली असते, घेणारीला शिवताही येते. मग गाडी अडते कुठे?

बहुतेक वेळा ती हिशेबात अडते. समजा, एका फ्रॉकच्या शिलाईचे १०० रुपये घेतले. दोरा, अस्तर, बटणे आणि वीज यांत ३० रुपये गेले. उरले ७०. फ्रॉकला चार तास लागले असतील, तर तासाला साडेसतरा रुपये पडले. त्यातही शेजारणीने "नंतर देते" म्हटले की तेवढेही नाहीत. हा हिशेब कागदावर कधी मांडलाच गेला नाही, तर दिवसभर मशीन चालवूनही हातात काही का राहत नाही, हे त्या बहिणीला कळणार कसे?

हिशेब दुसऱ्याच्या हाती असला की काय होते, हे बीडला सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, किती पैसे फिटले, हे सारे मुकादमाच्या वहीत असते. घाम एकाचा आणि वही दुसऱ्याची, हेच त्या कष्टाचे मोठे दुखणे आहे.

म्हणूनच ग्रामविकासात टिकाऊ काम केलेल्यांनी पैशाइतकेच शिकण्याला महत्त्व दिले. आपल्याच अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये 'मानवलोक' ही संस्था सुरू केली. पाणी, शेती आणि गावकऱ्यांचे संघटन हे तिचे काम. डॉ. शैला लोहिया यांनी 'मनस्विनी' प्रकल्पातून ग्रामीण स्त्रियांमध्ये काम उभे केले. आपले प्रश्न एकत्र बसून समजून घ्यायचे आणि उपायात स्वतः हात घालायचा, ही सवय अशा कामांतून गावाला लागते.

शेजारच्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद भागातले उदाहरण तर विशेष आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झाले. त्यात प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहाय्यक म्हणून पुढे आल्या. मदत कशी मिळते, भिंत मजबूत कशी करायची, साहित्य कसे पारखायचे, हे त्या आधी शिकल्या आणि मग गावाला सांगू लागल्या. पुढे २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या स्त्रिया कच्छमध्ये जाऊन तिथल्या बहिणींना आपला अनुभव सांगून आल्या. कालची संकटग्रस्त आज उस्ताद झाली! याच कामातून वाढलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने नंतर स्त्रियांना छोट्या उद्योगांत आणि एक एकर शेतीत उभे केले. त्या एका एकरात काय पेरायचे, हे घरातली बाई ठरवते. भाजीपाला, डाळी, धान्य आधी घरच्या ताटात येते आणि उरलेले बाजारात जाते. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्टही अशीच. चेतना सिन्हा यांनी गावच्या स्त्रियांसाठी बँक काढायचे ठरवले, पण अर्ज करणाऱ्या काही जणी अंगठा लावणाऱ्या म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या स्त्रिया रडत बसल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरवली आणि काही महिन्यांनी मुंबईला जाऊन अधिकाऱ्यांना सांगितले की आम्हाला हिशेब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. पुढे त्यांनी स्त्रियांसाठी व्यवसायाची शाळाही काढली.

इथे आपल्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास येतो. बचत गटाच्या कर्जावर व्याज असते, म्हणून आपण तिकडे फिरकत नाही. ती अडचण खरी आहे, पण व्याज टाळण्यासाठी शिकणेही टाळायची गरज नाही. दहा जणींनी महिन्याला ५०० रुपयांची भिशी लावली, तर पाळीपाळीने प्रत्येकीला ५,००० रुपये एकरकमी मिळतात आणि व्याजाचा एक पैसाही त्यात येत नाही. त्या पैशातून कापड किंवा पिको मशीन घेता येते. सरकारी प्रशिक्षणांवरही नजर ठेवावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे.

शाळेत शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. सातवी-आठवीतली मुलगी शेकडेवारी आणि नफा-तोटा वहीत बरोबर सोडवते, पण तेच गणित अम्मीच्या मशीनजवळ कोणी नेत नाही. ते न्यावे. रोज रात्री दहा मिनिटे माय-लेकींनी एकत्र बसावे. साध्या वहीत चार रकाने आखावेत: काम कोणाचे, खर्च किती, वेळ किती, पैसे आले की बाकी. महिनाभरात दिसेल की कोणत्या कामात मेहनत वाया जाते, कोणाची उधारी थांबवायची आणि कोणत्या शिलाईचा दर वाढवायचा. अम्मीला लिहिता येत नसेल, तर लिहिता लिहिता तीही शिकेल.

आणि मशीन वाटणाऱ्या बांधवांना एक विनंती. मशीन जरूर द्या, पण त्यासोबत एक वही द्या आणि ती भरायला शिकवणारी एखादी शिकलेली मुलगी मोहल्ल्यात तयार करा. मशीन पुढे जुने होईल. हिशेब शिकलेली बाई मात्र आपल्या कष्टाचा दर स्वतः सांगेल.