व्याख्या पाठ आहे, पण "का?" लिहिता येत नाही



गटाच्या बैठकीत दहावीच्या लेकरांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते : "सगळं तोंडपाठ आहे ताई, तरी विज्ञानात मार्क कमी पडतात." लेकरू अभ्यास करतं हे खरं असतं. मग अडतं कुठं?

दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन पेपर असतात. भाग 1 आणि भाग 2, प्रत्येकी 40 गुणांचे. उरलेले 20 गुण शाळेतल्या प्रात्यक्षिकांचे. पेपरात काही प्रश्न सरळ व्याख्येचे असतात. पण 'शास्त्रीय कारणे लिहा' अशा प्रश्नांत पुस्तकातला नियम एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला लावून दाखवायचा असतो. याला उपयोजनाचे प्रश्न म्हणतात. ते पुस्तकाबाहेरचे नसतात, फक्त वेगळ्या कपड्यात येतात. पाठांतर केलेलं लेकरू तिथंच गोंधळतं.

एक उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात माठातलं पाणी गारेगार होतं. श्रावणात तोच माठ, तेच पाणी, पण तेवढं गार होत नाही. का?

उत्तर तीन पायऱ्यांनी लिहायचं.

1. काय घडतं? माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं आणि वाळतं.

2. पुस्तकात त्याला काय म्हणतात? बाष्पीभवन. त्यासाठी लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते.

3. म्हणून काय होतं? श्रावणात हवेत आधीच ओल भरपूर, म्हणजे आर्द्रता जास्त. म्हणून बाष्पीभवन सावकाश होतं, उष्णता कमी निघते आणि पाणी कमी गार होतं.

बरीच मुलं दुसऱ्या पायरीवरच थांबतात. 'बाष्पीभवनामुळे' एवढं लिहून पुढं जातात. गुण निसटतात ते या 'म्हणून'पाशी.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं एवढ्या शिकलो? मैत्रिणींनो, उत्तर तुम्हाला यायलाच हवं असं नाही. प्रश्न मात्र तुमच्याच हाताखालचे आहेत. हे पाहा :

चुलीवर : उकळत्या पाण्यापेक्षा वाफेनं जास्त का भाजतं? दोन्ही 100 अंशांवर असतात. 1 ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून 37 अंशांपर्यंत निवलं तर सुमारे 63 कॅलरी उष्णता देतं. वाफेचं मात्र आधी पाणी होतं, आणि तेवढ्यातच 1 ग्रॅममागं 540 कॅलरी बाहेर पडतात. निवण्याच्या 63 त्यानंतरच्या. हाच अप्रकट उष्मा.

शिवताना : चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना हात लांब का धरावा लागतो? डोळ्याच्या भिंगाची जवळचं पाहण्यासाठी जुळवून घेण्याची ताकद कमी होते. ही वृद्धदृष्टिता. म्हणून बहिर्गोल भिंगाचा चष्मा लागतो. फळ्यावरचं न दिसणाऱ्या पोराला मात्र अंतर्गोल भिंग लागतं. असं का, हे त्यालाच सांगू द्या.

शेतात : सोयाबीन उपटलं की मुळांवर गाठी दिसतात. त्यांत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल असा करून देतात. म्हणून सोयाबीनला युरिया कमी लागतो.

रोज एकच प्रश्न विचारा. भाकरी करताना, शेळ्यांना चारा टाकताना. लेकरानं आधी तोंडी सांगायचं, मग वहीत तीन वाक्यांत लिहायचं. ऐकताना तुम्ही एवढंच म्हणा : "म्हणून काय?" तुम्हाला पटेल असं सांगता आलं तर त्याला ते कळलंय. शब्द नुसते घोकलेले असतील तर तिथंच अडखळेल. न आलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना, बाईंना विचारायला सांगा. बालभारतीच्या पुस्तकातल्या 'जरा डोके चालवा' या चौकटी वगळू देऊ नका. घरी पुस्तक नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतं.

हे सगळं नुसत्या मार्कांसाठी नाही. दहावीला मार्क कमी पडले की पोराला दुसरी संधी मिळते. पोरीला मात्र "हिला डोकं नाही, बास झाली शाळा" असं ऐकावं लागतं आणि घरात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. डोकं असतं, मैत्रिणींनो. उत्तर मांडायची सवय नसते, आणि सवय लावता येते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचा एक 'का?' आणायचा. सुरुवात भूमच्या खवा भट्टीपासून करू : दूध उकळायला लागल्यावर जाळ वाढवला की ते लवकर आटतं, पण आणखी तापत का नाही? उत्तर 'उष्णता' या धड्यात आहे. लेकरांना शोधू द्या.