लव-कुशांसाठी झालेला संप

रविवारी सकाळचे साडेनऊ वाजण्यापूर्वी घराघरांत आंघोळी उरकलेल्या असत. काही ठिकाणी दूरदर्शन संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. ज्यांच्या घरी संच नव्हता, ती मंडळी शेजाऱ्यांच्या दारात चपला काढून आत येत आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसत. रस्ते ओस पडत. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे हे दिवस पन्नाशीच्या आसपास असलेल्या वाचकांना आजही डोळ्यांसमोर दिसतील. दर आठवड्याला आठ ते दहा कोटी लोक ती पाहत असावेत, असा त्या काळचा अंदाज होता.

मात्र ही मालिका संपली तेव्हा पंजाबातील जालंधर शहरात काय घडले, हे फार थोड्यांना आठवते.

मालिका प्रथम ५२ भागांची ठरली होती. लोकप्रियता आणि जाहिरातदारांची रीघ पाहून तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली आणि अखेरीस ७८ भागांवर, ३१ जुलै १९८८ या दिवशी, ती थांबवण्यात आली. रावणवध झाला, श्रीराम अयोध्येस परतले, राज्याभिषेक झाला. निर्मात्यांच्या दृष्टीने कथा पूर्ण झाली होती. प्रेक्षक घटले म्हणून मालिका बंद पडते, हा सर्वत्रचा नियम. येथे ती ऐन भरात असताना थांबत होती.

राज्याभिषेकावर थांबण्याला आधार नव्हता असे नाही. मालिकेच्या आरंभीच्या नामावलीत अनेक रामायणांचा ऋणनिर्देश असे. वाल्मीकी आणि कंबन त्यात होते, संत एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ होते, कन्नडमधील ‘रामचंद्रचरित पुराण’ही होते. हे शेवटचे काव्य अभिनव पंप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नागचंद्र या जैन कवीचे, याची नोंद त्या वेळी किती जणांनी घेतली असेल, कोण जाणे! तरीही मालिकेचा मुख्य ओघ तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’चा होता आणि मानसात सीतात्यागाचा प्रसंग विस्ताराने येत नाही. गर्भवती सीतेला वनात सोडण्याचा प्रसंग पडद्यावर दाखवणे ही अवघड गोष्ट होती. दीड वर्ष ज्या रामाला लोकांनी हात जोडले, त्याच्याच हातून तो प्रसंग कसा घडवायचा?

वाल्मीकी रामायणाचे सातवे कांड म्हणजे उत्तरकांड. सीतेला आश्रय मिळतो तो वाल्मीकींच्या आश्रमात. तेथेच लव आणि कुश जन्माला येतात, वाल्मीकी त्यांना वाढवतात, विद्या देतात, रामकथा शिकवतात. पुढे अश्वमेध यज्ञाच्या वेळी ती दोन मुले रामासमोरच रामकथा गातात. पहिल्या सहा कांडांत कवी बहुतांशी कथेच्या बाहेर उभा आहे. सातव्यात तो कथेत येतो, आणि येतो तो टाकलेल्या स्त्रीचा आधार होऊन. उत्तरकांड गाळले की हे वाल्मीकीही गळतात.

पंजाबात आणि उत्तर भारतातील अनेक शहरांत रस्ते झाडणे, गटारे उपसणे, मैला वाहून नेणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी आली, त्यांच्यापैकी फार मोठा वर्ग वाल्मीकी समाजाचा आहे. महर्षी वाल्मीकी हे या समाजाचे गुरू आणि आराध्य. आश्विन पौर्णिमेला त्यांची जयंती मोठ्या उत्साहाने साजरी होते, त्यांची मंदिरे आहेत, त्यांच्या मूर्तीच्या हाती लेखणी असते. ज्या समाजाच्या मुलांना शाळेत वेगळे बसवले गेले, त्या समाजाचा गुरू हातात लेखणी घेऊन बसलेला आहे, ही गोष्ट समजून घेतली म्हणजे पुढचे सारे समजते. देशभर गाजलेल्या मालिकेत त्या गुरूचा प्रत्यक्ष वाटा जेथे सुरू होतो, नेमका तेथेच पडदा पडत होता.

जालंधरच्या सफाई कामगारांनी काम थांबवले. वेतन, भत्ते किंवा सुट्ट्या यांचा त्यात प्रश्न नव्हता. मालिका पुढे चालवा आणि उत्तरकांड दाखवा, एवढीच मागणी होती. संप जालंधरपुरता राहिला नाही. उत्तरेतील इतर मोठ्या शहरांतील सफाई कामगारही त्यात उतरले. दिवस पावसाळ्याचे, रस्त्यांवर साठलेला कचरा, आणि रोगराई पसरेल ही वाढती भीती. पंजाब तर आधीच होरपळत होता. राष्ट्रपती राजवट चालू होती आणि सुवर्णमंदिरातील ‘ब्लॅक थंडर’ कारवाईला काही महिनेच झाले होते. अशा प्रदेशात एका मालिकेच्या शेवटावरून संप व्हावा, याचे वर्तमानपत्र वाचणाऱ्या पुष्कळांना हसू आले असेल. शासनाला मात्र हसणे परवडणारे नव्हते. पुढील कथेचे भाग तयार करून घेण्याचे मान्य करण्यात आले.

आवडती मालिका वाचवण्यासाठी प्रेक्षक पुढे सरसावले, अशी उदाहरणे इतरत्रही आहेत. अमेरिकेत १९६७ च्या अखेरीस ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळकथांची मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा वर्षाव केला. प्रत्येकाने स्वतः पत्र लिहावे आणि आणखी दहा जणांना लिहायला सांगावे, अशी साखळी होती. पत्र सभ्य असावे आणि पाकिटावर मालिकेचे नाव नसावे, नाहीतर ते न उघडताच निर्मात्यांकडे पाठवून दिले जाईल, अशा बारीक सूचनाही होत्या. काही महिन्यांत लाखाहून अधिक पत्रे आली आणि मार्च १९६८ मध्ये एन.बी.सी. वाहिनीने मालिका चालू राहील, अशी घोषणा पडद्यावरूनच केली. तिसरे वर्ष मिळाले खरे. पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ आणि हात आखडता घेतलेला खर्च यांमुळे मालिका खुरटली व १९६९ मध्ये संपली. २००७ मध्ये ‘जेरिको’ या मालिकेच्या चाहत्यांनी सी.बी.एस. वाहिनीच्या कचेरीवर वीस टनांहून अधिक शेंगदाणे पाठवले. मालिकेच्या शेवटच्या भागात आलेल्या एका शब्दावरून सुचलेली ही थट्टा होती. तिला सात भागांचे जीवदान मिळाले.

या मोहिमांत कल्पकता होती, चिकाटीही होती. तरी जालंधरची गोष्ट त्यांच्या पंक्तीत सहज बसत नाही. टपालाचे तिकीट लावून पत्र पाठवणाऱ्याचे फारसे काही पणाला लागत नाही. संपावर गेलेल्या सफाई कामगाराची मजुरी बुडते आणि नोकरीही धोक्यात येते. शिवाय तिकडे वाहिन्या खाजगी होत्या आणि एकीने नाकारले तर दुसरी होती. इकडे १९८८ साली दूरदर्शन एकच, आणि तेही सरकारचे. तेव्हा प्रेक्षकाने दाद मागायची ती थेट राज्यसत्तेकडेच. शहराला ज्यांची आठवण फक्त काम अडल्यावर होते, त्यांच्याजवळ ती मागण्याचे दुसरे कोणते साधन होते?

या प्रकरणाची दुसरी बाजूही त्याच वेळी मांडली गेली. इतिहासकार रोमिला थापर यांनी जानेवारी १९८९ मध्ये ‘सेमिनार’ या नियतकालिकात या मालिकेवर लेख लिहिला. शेकडो रूपांनी नांदणारी रामकथा सरकारी माध्यमातून एकाच साच्यात दाखवली गेली, तर बाकीची रूपे पुसली जातील, ही त्यांची चिंता होती. ती निराधार म्हणता येणार नाही. पुढे १९९१ मध्ये पॉला रिचमन यांनी ‘मेनी रामायणाज’ हा निबंधसंग्रह संपादित केला, तेव्हा आरंभीच त्यांनी याच संपाची हकिगत सांगितली. रामायणाच्या बहुविधतेवरील ग्रंथाची सुरुवात पंडितांच्या वादाने न होता झाडूवाल्यांच्या संपाने व्हावी, यात मोठे औचित्य आहे. कथेचे आपले रूप गाळले जात आहे, हे त्यांना सर्वांत आधी जाणवले होते.

रामकथा कोठे संपते, हा प्रश्न तसा जुनाच आहे. महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या ग्रंथात वनात सोडलेल्या सीतेला राजा वज्रजंघ बहीण मानून पुंडरीकपुरास नेतो. तिचे पुत्र लवण आणि अंकुश तेथेच वाढतात. अग्निदिव्यानंतर सीता धरणीच्या पोटात जात नाही. केशलोच करून ती दीक्षा घेते. वाल्मीकींच्या कथेत सीतेला दुःखाचा शेवट भूमीच्या कुशीत मिळतो, विमलसूरींच्या कथेत तो तिने स्वतः निवडलेल्या मार्गात मिळतो. दोन्ही परंपरांनी एक गोष्ट मात्र टाळली नाही: सीतेचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून त्यांनी पोथी मिटली नाही.

नवी मालिका ‘लव कुश’ किंवा ‘उत्तर रामायण’ या नावाने आली. रविवार सकाळची जुनी वेळ तोवर बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारता’कडे गेली होती. गुजरातेतील उंबरगावी, महाराष्ट्राच्या सीमेलगत, पुन्हा दिवे लागले. अरुण गोविल आणि दीपिका चिखलिया हेच राम आणि सीता होते. कुशाच्या भूमिकेत स्वप्निल जोशी हा मराठी मुलगा होता. पुढे तो मराठी चित्रपटसृष्टीचा लाडका नायक झाला. लवाची भूमिका मयूरेश क्षेत्रमाडे याने केली. सागरांनी अवघड प्रसंगातून आपल्या परीने वाट काढली. त्यांच्या मालिकेत सीता लोकापवाद ऐकून स्वतःच वनात जाण्याचा निश्चय करते आणि राम कोसळून पडतो. ही तडजोड सर्वांनाच रुचली असेल असे नाही. रामाला दोषमुक्त करण्याच्या धडपडीत सीतेवरील अन्यायाची धार बोथट झाली, असे म्हणण्यास जागा आहे. वाल्मीकींना मात्र त्यांची जागा पूर्ण मिळाली. आश्रमात मुलांना शिकवणारे, सीतेला मुलीप्रमाणे सांभाळणारे आणि भर सभेत तिच्या बाजूने उभे राहणारे वाल्मीकी देशाने पाहिले.

आणि त्या मुलांचे गाणे! अयोध्येच्या राजसभेत दोन बालक रामाला त्याचीच कथा गाऊन ऐकवतात, ते दीर्घ गीत रवींद्र जैन यांच्या संगीताने घराघरांत पोहोचले. अलीगढच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या आणि जन्मतः दृष्टिहीन असलेल्या या संगीतकाराने सगळ्या ‘रामायणा’ला स्वर दिला, तरी लोकांच्या ओठी आजही सर्वाधिक रेंगाळते ते बहुधा हेच गाणे. स्नेहसंमेलनांत पहिली-दुसरीची मुले कपाळी गंध लावून, हाती लाकडी धनुष्य घेऊन ते म्हणतात. ३१ जुलै १९८८ रोजी मालिका कायमची संपली असती, तर हे गाणे जन्मालाच आले नसते.

२८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवण्यास सुरुवात केली. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. राज्याभिषेक झाल्यावर, आता ‘उत्तर रामायण’ही दाखवा, अशी मागणी प्रेक्षकांकडून आली आणि लगेच मान्य झाली. या वेळी त्यासाठी कोणाला काम थांबवावे लागले नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात आजी-आजोबा नातवंडांना जवळ घेऊन लव-कुशांची कथा पाहत होते. दारे बंद होती आणि रस्ते पुन्हा एकदा ओस पडले होते. त्या रस्त्यांवर पहाटे झाडूचा आवाज तेवढा नेमाने येत होता.