वेगळा कप

मंडळाच्या कार्यक्रमात माझं आडनाव ऐकलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतकं चांगलं कसं?" आणि दुसरा, "नाताळचा केक घरीच करता का?" आम्ही मूळचे अहमदनगरकडचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडचे. चार पिढ्या घरात प्रार्थना मराठीतच होते आणि नाताळला करंज्या, चकल्याही होतात. केक मात्र इथल्या हैदराबादी बेकरीतला.

वर्षाचे बाकीचे दिवस तुमचं ख्रिस्ती असणं कुठे दिसतं, असं मात्र कोणी विचारत नाही. मला ते विचारलं माझ्या सात वर्षांच्या मुलीनं, तेही तिच्या नकळत.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्कांचा चहाचा कप वेगळा होता. स्टीलचा, काठाला पोचा आलेला, सिंकखालच्या फळीवर उपडा ठेवलेला. मी घरून काम करतो त्या दिवशी अकराचा चहा माझ्याकडे असतो. असाच एकदा तो कप काढत होतो.

"बाबा, अक्कांचा कप आपल्या कपांबरोबर का नाही ठेवत?"

"तो त्यांचा आहे ना, म्हणून."

"माझा पण माझाच आहे. तो तर वर असतो."

तेवढ्यात मीटिंग सुरू झाली आणि मी सुटलो. पण आदल्याच रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन झालं होतं. आमच्याकडे सगळी मंडळी एकाच प्याल्यातून घेतात. शेजारी कोण आहे, काय करतो, कुणी बघत नाही. त्या प्याल्याला ओठ लावून घरी आलेला माणूस सिंकखाली वेगळा कप ठेवतो, हे मला इतकी वर्षं खटकलंही नव्हतं.

संध्याकाळी आईशी बोललो. ती म्हणाली, "जातीबितीचं नाही रे, स्वच्छतेचं आहे." मी म्हटलं, "आई, घरातले सगळे कप अक्काच घासतात." यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, कारण हा बग माझ्याही डोळ्यांसमोरच होता.

आईच्या उशाशी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' असतात. तिच्या लेखी ते जवळपास घरचंच पुस्तक. त्या रात्री मी ते पुन्हा उघडलं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. परत आल्या त्या आपलं सोवळं सोबत घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, हे मला फार मोठं वाटतं. मग एकदा विचार करता करता बाईंच्या मनानं घेतलं की या जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसांनी केल्यात. एकदा पटल्यावर त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी नंतर घेतला, 1900 साली. म्हणजे आधी पाणी बदललं, मग धर्म. पुढे नगरच्या त्यांच्या घरात कोण कोण येऊन राहिलं! बालकवी ठोंबरे त्यांतलेच एक. टिळकांच्या हातात पैसा कधी टिकला नाही, ती ओढाताण बाईंनीच सोसली. ते वाचताना हसूही येतं आणि बाईंची दयाही. 1917 साली तर टिळकांनी मिशनची नोकरीच सोडली.

आमची गोष्ट उलटी आहे. माझ्या पणजोबांना गावात पाणी वरून, ओंजळीत ओतलं जायचं. त्यांनी धर्म बदलला त्यामागे श्रद्धा किती आणि ती ओंजळ किती, हे आता विचारायला कोणी नाही. लक्ष्मीबाईंना सोवळं वारशानं मिळालं होतं, ते त्यांनी टाकलं. आम्हाला ते कोणी दिलंच नव्हतं. थ्री बीएचकेत आल्यावर आम्ही ते स्वतःहून आणलं. पणजोबांचं नाव मी घेतलं, तेव्हा आई बराच वेळ गप्प बसली. मग उठून तिनं तो स्टीलचा कप फळीवरून काढला आणि मोलकरणीच्या नव्हे, भंगारच्या पिशवीत टाकला.

वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी मी अक्कांना आमच्यातल्याच एका कपात चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही. आधी फळीवर शोधलं, मग विचारलं, "माझा कप हरवला का?" मी माझ्या मोडक्या तेलुगूत समजावलं. त्यांना वाटलं, कप हरवल्याबद्दल कुणावर तरी संशय आहे. त्या दिवशी चहा तसाच गार झाला. इतकी वर्षं आम्ही त्यांना जे शिकवलं होतं, ते एका सकाळी कसं पुसलं जाणार?

आठवड्याभरानं आईनं स्वतः चहा केला, दोन सारखे कप भरले आणि अक्कांसमोर आपला कप घेऊन बसली. गुडघे दुखतात म्हणून ती खुर्चीवर. अक्कांसाठी दुसरी खुर्ची ओढली होती. अक्कांनी कप घेतला, चहा प्यायल्या, पण बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी खाली बसून.

खुर्ची अजून तिथेच ठेवतो. मुलगी रोज शाळेतून आली की विचारते, "आज बसल्या?"