चित्र आणि खेळ: आरंभीच्या गृहसंगणकांविषयीचे काही गैरसमज

१९८० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील घराघरांत जे छोटे संगणक शिरले, त्यांवरील खेळांविषयी जाणती माणसेही एक समजूत सहज बोलून दाखवितात: त्या काळी पडद्यावरील चित्रे ओबडधोबड होती, म्हणून कर्त्यांची सारी प्रतिभा खेळाच्या रचनेकडे वळली, आणि पुढे चित्रे जसजशी देखणी झाली तसतसा खेळातला रस आटत गेला. या समजुतीत सत्याचा अंश आहे हे मी नाकारीत नाही. परंतु चित्र आणि खेळ या दोन स्वतंत्र वस्तू असून एकीच्या वृद्धीने दुसरीचा क्षय होतो, हे जे गृहीत तिच्या मुळाशी आहे, ते त्या यंत्रांच्या घडणीशीच विसंगत आहे.

या समजुतीचा पहिला दाखला म्हणून बहुधा ‘एलिट’ पुढे केला जातो. त्यातील अवकाशयाने नुसत्या रेषांची, तेव्हा कर्त्यांना चित्राची पर्वा नव्हती, असा निष्कर्ष निघतो. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी रचलेला हा खेळ १९८४ साली बीबीसी मायक्रोवर अवतरला (आपल्याकडे सरकारच्या ‘क्लास’ योजनेखाली शाळांत पोहोचला तो हाच संगणक). त्याची अवघी स्मृती ३२ किलोबाइट, आणि पडद्याची तरतूदही तीतूनच करणे भाग. सर्वाधिक रंगांचा पडदा पत्करला की २० किलोबाइट तेथेच खर्ची पडत, आणि शत्रूंचे डावपेच, व्यापार, खेळाचे नियम या सर्वांना उरल्यासुरल्या जागेत भागवावे लागे. ब्रेबेन-बेल यांनी रंग सोडून रेषा घेतल्या, त्या या हिशेबाने. तरीही यान भरीव भासावे म्हणून त्याच्या पाठीमागच्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या रेषा त्यांनी गणिताने वगळल्या. आणि पडदा रेखाटला जात असतानाच मध्यावर त्याची पद्धत पालटून वरच्या भागात दोन रंगांच्या बारीक रेषा व खालच्या भागात चार रंगांचा उपकरणफलक, अशी दुहेरी व्यवस्था लावली. त्या खेळात ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमंडले आहेत. त्यांपैकी एकाचेही वर्णन साठविलेले नसून नाव, राज्यपद्धती, बाजारभाव हे सर्व मोजक्या आकड्यांतून ठराविक नियमाने दर वेळी नव्याने निपजते. इतक्या विचाराने पडदा बांधणाऱ्यांना चित्राविषयी उदासीन ठरविणे हा अन्याय होय.

‘नाइट लोअर’ या खेळावरही असाच ठपका येतो, की त्यात रंग नाहीत. स्पेक्ट्रम संगणकावर पडद्याच्या आठ बाय आठ बिंदूंच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग मावत, त्यामुळे दोन आकृती एकमेकींजवळ आल्या की एकीचा रंग दुसरीत मिसळून जाई. टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या बंधूंनी १९८४ मध्ये प्रत्येक दालनाला एकच रंग देऊन हा प्रश्न मुळातूनच काढून टाकला. आकृती उमटविण्यापूर्वी तिच्या आकाराची जागा पार्श्वभूमीतून कापून घ्यायची, अशी रीत अवलंबिल्यामुळे नायक खांबाआड जाऊ शकला, तिरकस कोनातून दिसणाऱ्या दालनाला खोली आली, आणि ठोकळा सरकवून त्यावर चढण्याची कोडी संभवली. पुष्कळ वस्तू एकदम हलू लागल्या की खेळाची गती मंदावे, हे खरे. मला तो दोष क्षम्य वाटतो.

सर्वांत बोलका दाखला मात्र मॅथ्यू स्मिथच्या १९८३ सालच्या ‘मॅनिक मायनर’चा. त्यात गुहेतील पहारेकरी रेखाटताना त्याच्या आकृतीचा एखादा बिंदू नायकाच्या उमटलेल्या बिंदूवर पडला, की नायक मेला. मृत्यूचा निकाल रेखाटनातच लागतो. पहारेकऱ्याच्या आकृतीत एक बिंदू वाढविला, तर चित्र बदलते आणि त्याच क्षणी खेळाचा कायदाही बदलतो. येथे कुठली रेघ ओढून म्हणावे, की अलीकडे चित्र आणि पलीकडे खेळ?

चित्राला काहीच किंमत नाही हे सिद्ध करण्यासाठी ‘टेट्रिस’चे नाव घेणारेही थोडे नाहीत, कारण मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तो प्रथम रचला त्या यंत्राला अक्षरचिन्हांपलीकडे काही दाखविता येत नसे. पण त्या सात आकारांचा भेद एका दृष्टिक्षेपात कळला नाही, तर तो खेळ उरतच नाही. चित्र साधे असणे निराळे आणि गौण असणे निराळे.

त्या काळच्या ग्राहकाला तरी चित्राचे सोयरसुतक नव्हते काय? १९८४ मध्ये निघालेल्या ‘क्रॅश’ या इंग्रजी मासिकाच्या परीक्षणांत चित्रांना वेगळे गुण दिले जात, आणि कॅसेटांच्या वेष्टनांवर आत नसलेले वैभव रंगविण्याची चढाओढ असे. जुने खेळ सरसकट सकस होते हा भ्रमही त्यामुळेच टिकत नाही. चित्रही सुमार आणि खेळही सुमार अशा कॅसेटा बाजारात रग्गड होत्या. त्या विस्मृतीत गेल्या, आणि आपण निवडक उरलेल्यांवरून सगळ्या काळाची पारख करतो.

सत्याचा जो अंश मी आरंभी मान्य केला, तो थोडा पुढच्या काळातला आहे. कमोडोर ६४ मध्ये हलत्या आकृतींचा भार स्वतंत्र चिपने उचलण्यास प्रारंभ झालाच होता. अमिगा संगणकात चित्रांचे बरेचसे काम खास चिपांकडे गेले, आणि १९८९ च्या ‘शॅडो ऑफ द बीस्ट’मध्ये एकामागे एक सरकणारे देखाव्यांचे थर पाहून लोक थक्क झाले, जरी मारामारी आणि धावाधाव यांपलीकडे त्यात करण्यासारखे थोडेच होते. मुख्य प्रक्रियकाचा वेळ चित्रापायी पूर्वीसारखा खर्ची पडेनासा झाला, तेव्हाच चित्र खेळापासून अलग वाढविण्याची मुभा कर्त्यांना मिळाली.